बडोदेकरांनो, वेकेशनात तुम्ही काय करायचात?

कोठीवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझं बालपण बाबाजीपुऱ्यातलं. लग्नानंतर पुणे, आणि आता नवऱ्याच्या बदलीमुळे पुन्हा बडोदं. पण गावातलं नाही, वासणा-भायलीकडचं. म्हणजे आमच्या आजीच्या हिशेबाने शेतातलं. मुलगी चौथी संपवून पाचवीत चाललीय. एप्रिल लागल्यापासून सोसायटीच्या ग्रुपवर समर कॅम्पची पत्रकं येऊन पडतायत. रोबोटिक्स, व्यक्तिमत्त्व विकास, गॅसशिवाय स्वयंपाक, एसी हॉलमध्ये झुंबा. एका कॅम्पची फी ऐकून बाबांनी विचारलं, "शेवटी डिग्रीपण देतात का?"

माझं म्हणणं असं की आपल्याला यातलं काहीही मिळालं नाही आणि तरी आपले उन्हाळे भरलेले होते. नवरा म्हणतो, हे लोणचं आहे, मुरल्यावर कसलीही कैरी चांगली लागते. तर दोन प्रश्न. एक, वेकेशन पडलं की तुम्ही नक्की काय करायचात? आणि दोन, त्यातलं आज काही शिल्लक आहे का, जिथे मी लेकीला पाठवू शकेन?

दांडियाबाजारी

कोठीवालीताई, स्वागत. आमचं वेकेशन म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर, दुसरं उत्तरच नाही.

शेवटचा पेपर दुपारी सुटायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना वडील आम्हा दोघा भावांना लाल मातीत उभं करून यायचे. दंड, बैठका, लेझीम, लाठी, आणि मग ज्यासाठी जीव टाकायचो तो मलखांब. खांबाला एरंडेल चोळलेलं असायचं. त्या वासामुळे आई घरात घ्यायची नाही, ओट्यावरच बादली ठेवलेली असायची. सुरुवातीला फक्त सलामी आणि साधी अढी. मांड्यांची आतली कातडी लाल व्हायची, जिना चढताना भाऊ आणि मी म्हाताऱ्यांसारखे कठड्याला धरून चढायचो. सुईदोरा (मलखांबावरचा एक अवघड प्रकार) जमला तेव्हा मी आमच्या पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, प्रत्येक घरी जाऊन सांगून आलो होतो. कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा कळत नव्हतं आपण कुठे उभे आहोत ते. जुम्मादादांचा हा आखाडा १८८० चा. त्याला नाव मिळवून दिलं ते त्यांच्या शिष्याने, राजरत्न प्रा. माणिकरावांनी. शेकडो मुलांनी एका आज्ञेवर एकदम हालचाल करायची ती संघव्यायामाची पद्धत त्यांची, आणि आज्ञा इंग्रजी नाहीत, हिंदी. हाडवैद्य म्हणूनही त्यांचं मोठं नाव होतं. आमच्या वेळी ते नव्हते (१९५४ मध्येच गेले), पण कोणी पडलं की आजोबा अजूनही "माणिकराव असते तर..." अशी सुरुवात करायचे.

फी किती होती आठवत नाही. वडिलांनी कधी कुरकूर केली नाही म्हणजे नगण्यच असणार.

खारीशिंग

आईवडिलांना आपल्यापासून सुट्टी मिळावी म्हणून बडोद्यात आखाडे काढले गेले, असा माझा प्रबंध आहे.

अगाशी

खारीशिंग, +१. आमच्या आईने तर दोन-दोन जागी टाकलं होतं. सकाळी लालबागच्या तरणतलावात आणि दुपारी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत.

लायब्ररीबद्दल मात्र लिहायलाच हवं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं, हे आता सगळ्यांना भाषणांमुळे माहीत असतं. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आम्हाला तिथली काचेची जमीन हवी असायची. लोखंडी मांडण्या मजल्यावर मजले चढलेल्या आणि मधली जमीन जाड काचेची, म्हणजे वरच्या मजल्यावरचा उजेड खालपर्यंत यावा. खालून वर पाहिलं की कोणाच्या तरी चपला धुरकट दिसायच्या. बाहेर ४३ अंश आणि आत त्या काचेचा हिरवट गारवा. पुस्तक निवडायला मी मुद्दाम वेळ लावायचे, आणि ग्रंथपाल काकांनाही ते माहीत होतं.

आणि कमाटीबागेतलं म्युझियम! (पाटीवर सयाजीबाग, पण तसं कोण म्हणतं?) देवमाशाचा तो सांगाडा. ७० फुटांच्या आसपास. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी तो येऊन अडकला होता. मामा दर वेकेशनात न्यायचा आणि दर वेळी आम्ही बरगड्या मोजायला सुरुवात करायचो आणि दर वेळी मध्येच भांडण व्हायचं. मग ममी बघायची. धाकटा भाऊ ममीच्या खोलीत डोळे मिटून चालायचा आणि बाहेर आल्यावर "मी बघितली" म्हणायचा.

नाव_नको

छान चाललंय, पण मी थोडं विरजण घालते.

दांडियाबाजारी, तुम्ही दोघं भाऊ. बहीण होती का? असली तर ती त्या वेळी कुठे होती?

आमच्या घराजवळही एक आखाडा होता, नाव घेत नाही. मला लाठी शिकायची होती. मुलींची तुकडी 'पुढच्या वर्षी' निघणार होती. भाऊ जात राहिला, माझं पुढचं वर्ष आलंच नाही. माझं वेकेशन अगाशीवर (गच्चीवर) गेलं. पहाटे आईने चीक शिजवला की कुरडया घालायच्या, मग साबुदाण्याच्या पापड्या, मग बटाट्याचा कीस, आणि मग छत्रीखाली बसून कावळे हाकलायचे. शेजारच्या कोकिळाबेनकडे पापडाच्या पिठाचा कुकर उतरला की गरम खिचू (तांदळाच्या पिठाची उकड) वर तेल आणि मेथीचा मसाला घालून मिळायचा, तेवढं खरं सुख.

म्हणजे उन्हाळा माझाही भरलेलाच होता. कशाने, ते विचारू नका. कोठीवालीताई, मुलीला तो झुंबा करायचा असेल तर करू दे.

दांडियाबाजारी

नाव_नको, बहीण आहे. घरीच असायची. गहू निवडायला आणि आंबे चिरायला. यावर मला काही बचाव नाही, खोटं कशाला बोलू. पुढे मात्र मुली येऊ लागल्या, माझी पुतणी तिथेच दोरीचा मलखांब शिकली आणि आता माझ्यापेक्षा जास्त मिजास करते.

खारीशिंग

सुईदोरा आल्यावर दारोदार फिरून सांगणाऱ्यापेक्षा जास्त? कठीण आहे.

नर्मदेहर

माझं शिबिर वेगळ्या प्रकारचं. त्याला शिबिर हा शब्दही कोणी वापरला नव्हता. आजोबा निवृत्त झाल्यावर दर मे महिन्यात चांदोदला जाऊन राहायचे, आणि आम्हा सगळ्या नातवंडांची वरात बरोबर.

प्रतापनगरहून छोटी गाडी. नॅरोगेज. डबा इतका लहान की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागायचे. वेग असा की दारातला एखादा तरुण उतरायचा, गाडीबरोबर चार पावलं धावायचा आणि परत चढायचा, उगाच. डभोईला गाडी थांबली की थांबलीच. तिथे चारी बाजूंनी छोटे रूळ यायचे आणि इंजिनं इकडून तिकडे करत बसायची. आजी तेवढ्यात डबा उघडायची. थेपले, सुक्या बटाट्याची भाजी, कांद्याची फोड आणि छुंदा. दोन घरची संस्कृती एका स्टीलच्या डब्यात.

चांदोदला मल्हारराव घाटाच्या पायऱ्या. खाली नर्मदा, तिला येऊन मिळणारी ओरसंग, आणि सरस्वती गुप्त. सरस्वती कुठे आहे हे धाकट्यांना दाखवायचं काम माझ्याकडे असायचं, मी दर वेळी वेगळी जागा दाखवायचो. पलीकडे कर्नाळी, कुबेर भंडारी. आजोबा पहाटे अंघोळीला आम्हाला पाण्यात उतरवायचे. कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक त्यांच्या मनगटाला. पोहणं शिकवलं असं नाही, बुडू दिलं नाही इतकंच. त्यातूनच आलं. ट्रकच्या टायरची ट्यूब मिळाली की आमच्यासारखे राजे आम्हीच.

दुपारी ओरसंगची वाळू इतकी तापायची की नावेपर्यंत पळत जावं लागायचं. संध्याकाळी धर्मशाळेच्या ओसरीवर परिक्रमावासी यायचे. आजी त्यांना पिठलं-भात वाढायची आणि आम्ही पाणी. एकदा एक बाई आल्या होत्या, एकट्या, वय आजीएवढं. चालत अमरकंटकपर्यंत जाऊन परत येणार म्हणाल्या. त्या गेल्यावर आजी बराच वेळ गप्प होती आणि मग आजोबांना म्हणाली, "आपण नुसते इथे येऊन बसतो." आजोबा पुढच्या वर्षी तिला गरुडेश्वरला घेऊन गेले, टेंबेस्वामींच्या समाधीला. तिला तेवढ्यात समाधान वाटलं की नाही, मला कधी कळलं नाही.

मियागामवाला

रेल्वेचा विषय निघाला की मला राहवत नाही, माफी असावी. डभोई ते मियागाम ही लाईन १८६२ ची. आणि सुरुवातीला त्यावर इंजिन नव्हतं, बैल होते! रुळांवरून बैल गाडी ओढायचे. रूळ हलके होते, इंजिनाचं वजन पेलणारे रूळ नंतर आले. गायकवाडांनी स्वतःच्या राज्यात अडीच फुटी रुळांचं जाळं वाढवत नेलं आणि डभोई त्याचं केंद्र. नर्मदेहरभाईंना जी 'थांबली की थांबलीच' वाटायची ती गाडी नसून जंक्शन होतं.

आता ती गंमत नाही. प्रतापनगर-डभोई आधीच मोठी लाईन झाली होती, आणि जानेवारी २०२१ पासून चांदोदवरून पुढे केवडियापर्यंत मोठ्या गाड्या जातात. मुंबई-दिल्लीच्या गाड्या आता तिथे पुतळा बघायला येतात.

अगाशी

बैल! म्हणजे दारातून उतरून धावणाऱ्या तरुणाला बैलांनी मागे टाकलं असतं.

नर्मदेहर

मियागामवाला, माहिती छान, पण मोठी लाईन वाईट झाली असं म्हणू नका. माझे वडील आता ८१ चे आहेत. त्या छोट्या डब्यात त्यांना आज मी चढवू शकलो नसतो. मागच्या वर्षी घेऊन गेलो, आरामात.

आबूरिटर्न

माझं खरंखुरं शिबिर होतं, सही-शिक्क्यासकट. माउंट आबूला गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था आहे. शाळेत एक दिवस पीटीच्या बाईंनी फॉर्म आणले आणि वर्गातल्या ज्या मुली 'ऐकत नाहीत' त्यांना वाटले. मला मिळाला.

बडोदा ते अहमदाबाद मोठी गाडी, मग तिथून मीटरगेज. तेव्हा ती लाईन बदलली नव्हती. रात्रभर खडखडाट, तोंडात कोळशाची नसली तरी धुळीची चव, आणि पहाटे आबूरोडला द्रोणातली रबडी. दात न घासता खाल्ली. आईला हे आजतागायत माहीत नाही.

वर गेल्यावर खडक. आबूचा खडक हाताला खरखरीत, बोटांची सालं निघतात. पहिल्यांदा गाठी शिकवतात. बोलाइन, इंग्रजी आठसारखी एक गाठ, आणि एकमेकींच्या गाठी तपासायच्या. माझी जोडीदारीण भावनगरकडची होती. तिला मराठी येत नव्हतं, माझं गुजराती शहरी, तिचं काठियावाडी. पण तिने माझ्या कमरेची गाठ बघून मान हलवली की मी कड्यावरून मागे झुकायचे. रॅपेलिंगमध्ये सगळ्यात अवघड तेच, पाय कड्यावर आणि पाठ हवेत टाकायची. खाली बघू नको असं सगळे सांगतात. आमचे सर म्हणायचे, "नीट बघ, मग उतर." मला ते फार आवडलं.

रात्री थंडी. मे महिन्यात बडोद्याच्या मुलीला थंडी वाजते म्हणजे काय, हे घरी कोणाला पटलं नाही. दुसऱ्या रात्री मी रडलेही, पांघरुणात. तिसऱ्या रात्री वेळच मिळाला नाही.

नाव_नको, तुमचं वाचून वाटलं, मी नशीबवान. आणि 'न ऐकणारी' असल्याचा फायदाही झाला.

नाव_नको

आबूरिटर्न, मला त्या बाई हव्या होत्या. बाकी काही नाही.

खारीशिंग

शंका: गुजरातची संस्था राजस्थानात का?

मियागामवाला

आबू १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, मग राजस्थानात गेलं. मनाने गुजराती तिथून अजून हललेले नाहीत. कोणत्याही शनिवारी जाऊन बघा.

सुरसागरकाठी

शिबिर वगैरे आमच्या नशिबी नव्हतं, आम्ही दरसाल रत्नागिरीला आजोळी. रात्रीची बडोदा एक्स्प्रेस. भरूच येईपर्यंत कोणी झोपायचं नाही, कारण नर्मदेत नाणं टाकायचं असायचं. पूल आला की सगळ्या डब्यात एकच धडपड, आणि निम्मी नाणी पुलाच्या लोखंडावर आपटून खण्ण वाजायची. भरूचची खारी शिंग (खारे शेंगदाणे) घ्यायची, ती विरारपर्यंत पुरायची नाही. सकाळी मुंबई सेंट्रलला उतरून शेजारच्याच डेपोतून लाल एसटी. कोकण रेल्वे १९९८ ची, आमची त्याआधीची आतडी घाटातच घडली.

तिथे मामेभाऊ आम्हाला 'गुजराती पाव्हणे' म्हणायचे, आमटीत गूळ कमी पडला का विचारायचे. परत आलो की पोळीत आम्ही 'दक्षिणी', म्हणजे मराठी. चार पिढ्या बडोद्यात, तरी दक्षिणी. महिनाभर फणस आणि शहाळी खाऊन वजन वाढवून आणायचो, ते आखाड्यात जाणारी (बघा, दांडियाबाजारी) पोरं पहिल्याच आठवड्यात कबड्डीत उतरवायची.

खारीशिंग

माझ्या नावाचा उल्लेख झाल्याबद्दल मंडळ आभारी आहे.

सावलीत_बसा

उत्साहावर पाणी घालायचं नाही, पण सगळे जण एक गोष्ट सोडून बोलतायत. आपल्याला सांभाळत कोण होतं? दोरी मनगटाला बांधलेले आजोबा प्रत्येकाला नसतात. विश्वामित्रीच्या काठाला आम्ही करवंदं शोधत फिरायचो, मगरी तेव्हाही होत्याच. काही झालं नाही म्हणून आज ती आठवण आहे. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात सहलीची नाव उलटली आणि बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर माझ्या नातवाच्या सहलीच्या कागदावर सुनेने सही केली नाही आणि मी तिला एका शब्दाने बोललो नाही.

म्हणून फी किती हे विचारण्याआधी कॅम्पवाल्यांना विचारा: लाईफजॅकेट किती, मुलं किती, मोठी माणसं किती. उत्तर द्यायला जो अडखळेल त्याच्याकडे पाठवू नका. आणि हल्लीच्या मेमध्ये सकाळी दहानंतर मुलांना मैदानावर ठेवणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

आबूरिटर्न

सावलीत_बसा काका, शंभर टक्के. आमच्या गाठी एकमेकींनी तपासल्यावर सर परत तपासायचे. त्याशिवाय कड्याच्या टोकाला जाताच यायचं नाही. कडक होते म्हणून आम्ही तेव्हा नाकं मुरडायचो.

पावागढी

कोणीच पावागढ काढला नाही? पोळीतल्या मोठ्या मुलांनी पहाटेच्या एसटीने न्यायचं, चांपानेरच्या कोटातून वर, माचीपर्यंत चालत, मग पायऱ्या. उडन खटोला (रोपवे) १९८६ मध्ये आला, पण आमच्या टोळीत त्यात बसणाऱ्याला परत कोणी नेत नसे. दुधिया तळ्याशी काकडी आणि मसाला. २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यावर समजलं की ज्या मशिदींच्या सावलीत आम्ही पुरी-भाजी खायचो त्यांना जग बघायला येतं.

कोठीवाली

बाप रे, दोन दिवस माहेरी गेले तर एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. नवऱ्याला अख्खा धागा वाचून दाखवला. चांदोदपर्यंत हसला, हरणीला गप्प झाला.

नाव_नको, तुमचं बोलणं डोक्यात बसलं. मग मी लेकीलाच विचारलं, जे मी धागा काढण्याआधी करायला हवं होतं असं सासूबाई म्हणाल्या. तिला काचेची जमीन बघायचीय, आणि दोरीचा मलखांब. रोबोटिक्सही हवंय, पण "मैत्रीण जाणार असेल तरच". दांडियाबाजारी, पुतणीकडून चौकशी होईल का? नऊ वर्षांच्या मुलीला घेतात का, वेळ काय, शिकवायला बाई असतात का?

दांडियाबाजारी

पुतणीला विचारलं. ती म्हणाली, फोनवर नको, एक दिवस सकाळी लेकीला घेऊन या, तिने आधी बसून बघावं. भायलीहून लवकर निघावं लागेल. वेळ, फी आणि शिकवणाऱ्या बाई हे तिथेच समक्ष विचारा, दरसाल बदलतं. लायब्ररीचं मात्र एक बघा, काचेच्या मजल्यांवर आता सगळ्यांना सोडतात की नाही ते तिथल्या माणसाला आधी विचारा, नाहीतर पोरगी हिरमुसेल.

नाव_नको

मोठ्यांना लाठी शिकवतात का तेही विचाराल? वय ५२. गुडघे ठीक आहेत.

दांडियाबाजारी

विचारतो. बहिणीसाठीपण विचारतो, ती आत्ता शेजारी बसून हे वाचतेय आणि माझ्याकडे बघतेय.

खारीशिंग

तिच्या हातात लाठी देऊ नका. हिशेब जुना आहे.

अगाशी

हसून हसून पुरेवाट! अवांतर: नाव_नको, तुमच्या कोकिळाबेनच्या खिचूचं प्रमाण मिळेल का? माझा दर वेळी गाठीगाठींचा होतो.

नाव_नको

एक वाटी तांदळाच्या पिठाला सव्वादोन ते अडीच वाटी पाणी, जुन्या तांदळाला जरा जास्त. पाण्यात आधी जिरं, ओवा, वाटलेली मिरची, मीठ आणि चिमूटभर पापडखार घालून चांगलं उकळू द्या. गॅस बारीक करून पीठ एकदम ओता आणि वेलण (लाटणं) उभं धरून एकाच दिशेने जोरात घोटा, चमच्याने नाही. मग झाकून वाफ. तेल सढळ हाताने. आणि उभ्याने खायचा, ताट-पाट करून बसलात तर गार होतो.